हाकेवाल्याचे पोर

मराठीतली शिकारकथा वाचताना एक प्रश्न विचारला पाहिजे : हाका कोण घालतो? बंदूक कोणाची, जनावर कितव्या गोळीला पडले, सुळे किती बोटांचे, हे सगळे तपशिलाने येते. हाकेवाले मात्र 'दहाबारा माणसे' म्हणून येतात आणि डुक्कर पडले की कथेतून निघून जातात. त्यांना ना नाव, ना मजुरी. गोदावरी परुळेकरांच्या 'जेव्हा माणूस जागा होतो' (१९७०) मध्ये ठाणे जिल्ह्यातल्या वारल्यांची वेठ ज्याने वाचली आहे, त्याला या हाक्याची जात लगेच ओळखता येईल.

हाकेवाल्याचे पोर पहिल्यांदा आपल्या बापाबरोबर डुकरामागे जाते, ती कथा निराळी आहे. शहापूर-मुरबाडकडच्या वाड्यांवर रानडुक्कर म्हणजे रात्रीत भाताचे खाचर लोळवून जाणारे जनावर, आणि क्वचित पोटभर मिळणारे मांस. माझ्या वर्गातल्या एका कातकरी मुलाने निबंधात ही पहिली शिकार लिहिली. बाप सांगतो, वारा तोंडावर येईल असा बस. डुक्कर आले तर पळू नको, झाडावर चढ. पोर भीतीने मुतते. शेवटी वाटे पडतात तेव्हा नुसते ओरडलेल्या त्या पोरालाही एक वाटा मिळतो. कुत्र्यांनाही मिळतो. आपल्याला वाटा मिळाला, म्हणजे आपण माणसांत जमा झालो, एवढेच त्याला सांगायचे आहे. प्रस्थापित शिकारकथेला ही जाणीव कधी शिवली नाही. तिथे मुंडके भिंतीवर जाते.

पण हे लिहायचे कसे? १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने परवानेवाल्याची शिकार शिल्लक ठेवली होती. ती १९९१ च्या दुरुस्तीने बंद झाली. २००६ च्या वनहक्क कायद्याने आदिवासींचे पारंपरिक हक्क मान्य केले, पण शिकारीचा हक्क स्पष्ट शब्दांत वगळला. रान राखले पाहिजे, याबद्दल वाद नाही. परंतु साहित्यात त्याचा परिणाम असा, की संस्थानिकाची शिकार 'आठवणी' म्हणून छापली जाते आणि कातकरी पोराची आठवण कबुलीजबाब ठरते. 'बलुतं' (१९७८) पासून दलित आत्मकथनांनी मेलेल्या ढोराच्या मांसाचे वाटेही निर्भीडपणे लिहिले. तिथे लाज आडवी येत होती, ती ओलांडता आली. इथे फौजदारी आडवी येते.

वारली चित्रातली शिकार मात्र शहरी दिवाणखान्यात चालते. जिव्या सोमा म्हसे यांना २०११ साली पद्मश्रीही मिळाली. चित्रातल्या माणसाला चेहरा नसतो, म्हणून चालत असेल!

निबंध छापायला मागितला तेव्हा मुलगा म्हणाला, "छापा सर, पण नाव घालू नका. वाडीचं पण नको." आत्मकथनाविषयी आपण आजवर जे बोललो, त्यात 'मी' उघड नावानिशी उभा आहे. नाव झाकून लिहिणाऱ्या या 'मी'चे काय करायचे, याची चर्चा आपल्या एकाही परिसंवादात माझ्या ऐकण्यात नाही.