सागरी इशाऱ्यांचा अर्थविचार

समुद्रनिरीक्षणाच्या संदेशजालाचा विचार बहुधा यंत्रविद्येच्या अंगाने होतो. खोल पाण्यात नांगरलेल्या बोयांवरील मोजमापे उपग्रहामार्गे केंद्रात पोचली, तेथून अनुमान निघाले, की कार्य सिद्ध झाले असे मानतात. देवगड बंदरालगतच्या जामसंड्याहून पाहू जाता हे गृहीत अपुरे ठरते. कारण या जालाचा अखेरचा दुवा भाषेचा आहे.

हैदराबादचे भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र मच्छीमारांसाठी प्रादेशिक भाषांतूनही सूचना प्रसृत करते. हे कार्य मोलाचे आहे यात संशय नाही. तथापि ‘लाटांची उंची ३ मीटर’ हा पदबंध तपासून पाहावा. सागरविज्ञानात ही उंची म्हणजे सर्वांत उंच अशा एकतृतीयांश लाटांची सरासरी होय. त्याच समुद्रात एखादी लाट ६ मीटरांच्या जवळ जाऊ शकते. लोकांसाठीच्या सूचनेत ही व्याख्या बहुधा गळते, आणि ‘उंची’ या नित्याच्या शब्दामुळे ऐकणारा सरासरीलाच कमाल मर्यादा समजतो. शब्द मराठी, अर्थ मात्र परिभाषेतला, अशी ही विसंगती आहे. होडीतील माणसाच्या दृष्टीने हा शब्दच्छल नव्हे. प्राणाशी गाठ आहे.

उलटपक्षी, उधाण, भांग, मतलई, वाव हे किनाऱ्याचे शब्द स्वतःच एक मापनपद्धती आहेत. त्यांना केवळ बोलीचे अलंकार मानून वगळणे शास्त्रीय म्हणता येणार नाही.

२०१७ च्या ओखी वादळात केरळ-तामिळनाडूच्या अनेक नौका देवगडच्या आश्रयास आल्या. इशारा निघाला तेव्हा खोल समुद्रातील कित्येक नौका भ्रमणध्वनीच्या टप्प्याबाहेर होत्या. २०१९ मध्ये आलेल्या ‘जेमिनी’ या उपग्रहाधारित ग्राहकयंत्राने ते अंतर तोडले. परंतु ते यंत्र केवळ ऐकते. ‘समजले नाही’ असे त्यातून कळविता येत नाही. पोचणे आणि उमगणे यांतील भेद तेथेही कायम राहतो.

प्रत्येक बंदराच्या बोलीत इशारा देणे शक्य नाही, हा आक्षेप रास्त आहे. पण तशी अपेक्षाही नाही. ‘काही लाटा याच्या दुपटीजवळ जातील’ एवढे एक वाक्य जोडणे, आणि सूचनेचा मसुदा प्रसृत करण्यापूर्वी बंदरावर वाचून श्रोत्याला त्याचा अर्थ विचारणे, इतके तरी अवश्य व्हावे. संदेशजालाची कसोटी संदेश किती त्वरेने गेला ही नव्हे. तो ऐकून होडी किनाऱ्यावर थांबली की नाही, ही होय.