शांततेच्या कथेतील शस्त्रसंचय

हिदेओ कोजिमा यांच्या ‘मेटल गिअर सॉलिड : पीस वॉकर’ (२०१०) या हातात धरून खेळावयाच्या हेरकथात्मक व्हिडिओ गेमचे कथानक १९७४ सालच्या कोस्टा रिकात, म्हणजे १९४८ मध्येच सैन्य विसर्जित केलेल्या देशात घडते. अण्वस्त्रांच्या धाकावर टिकणाऱ्या शांततेचा उपहास हे त्याचे प्रकट आशयसूत्र. क्रीडेची संरचना मात्र नेमकी उलट : शत्रुसैनिक पळवून आणावेत, फौज वाढवावी, अखेरीस स्वतःचेच अण्वस्त्रसज्ज यंत्र उभारावे. बाबूराव अर्नाळकरांच्या झुंजारकथांचा वाचक साहसाचा साक्षीच राही. येथे तो कर्ता, म्हणून सहअपराधीही होतो. हा अंतर्विरोध रचनेचा दोष ठरविण्याची घाई समीक्षेने करू नये. ते यंत्र पाझ नायकावरच उलटविते, आणि ते पाडण्यासाठीही खेळणाऱ्यास त्याच शस्त्रसाठ्याकडे वळावे लागते.