‘लव्ह अँड गॉड’ : शिवण कोणाची?

के. आसिफ यांनी हयातीत दिग्दर्शक म्हणून पूर्ण केलेले चित्रपट दोनच. 1945चा ‘फूल’ आणि 1960चा ‘मुगल-ए-आझम’. तिसरा, लैला-मजनूच्या दास्तानवरचा ‘लव्ह अँड गॉड’, 1971 साली त्यांच्या निधनाने अर्धवट राहिला आणि 1986 साली प्रदर्शित झाला. मधल्या पंधरा वर्षांत मोहम्मद रफी गेले. प्रदर्शनाच्या सहाच महिने आधी, नोव्हेंबर 1985मध्ये, कैसची भूमिका करणारे संजीवकुमारही गेले. पडद्यावरचा मजनू, त्याला गळा देणारा गायक आणि ज्याच्या नावावर चित्रपट लागला तो दिग्दर्शक, तिघांपैकी एकही हयात नव्हता. असा चित्रपट पाहताना आम्हांला करमणुकीपेक्षा संकोचच अधिक वाटतो. आणि हा पुरा करायला हवा होता का, हा वाद डोक्यातून जात नाही.

पुरा करणाऱ्यांच्या बाजूने बरेच बोलता येईल. आसिफ यांच्या पत्नी अख्तर आसिफ आणि निर्माते के. सी. बोकाडिया यांनी वेगवेगळ्या स्टुडिओंत पडून असलेले भाग मिळवले आणि हाती आले ते जोडले. ते झाले नसते तर नौशाद यांचे संगीत, खुमार बाराबंकवी यांची गीते आणि निम्मी यांची लैला डब्यातच कुजली असती. निम्मी यांचा हा अखेरचा चित्रपट. त्यांनी कोणाच्या हट्टापायी पडद्यावर येऊच नये, असे म्हणण्याचा अधिकार आम्हांला नाही. सेटवर हातोडा मारणाऱ्या सुतारापासून कपडे शिवणाऱ्या दर्ज्यापर्यंत किती जणांचा घाम त्यात होता, तेही विसरून चालणार नाही.

कायदाही वारसांच्याच बाजूने झुकतो. 1957च्या कॉपीराइट कायद्यात चित्रपटाचा कर्ता म्हणजे निर्माता. दिग्दर्शक नव्हे. 2012च्या दुरुस्तीच्या वेळी दिग्दर्शकालाही सहकर्ता मानावे असा प्रस्ताव आला होता, तो शेवटी गळाला. आपल्याकडे मय्यतीच्या मालाचा क्रम ठरलेला आहे. आधी कफन-दफनाचा खर्च, मग कर्ज, मग एक तृतीयांशापर्यंत वसीयत आणि उरेल त्यात वारसांचे हिस्से. आता अर्धा चित्रपट यात कुठे बसवायचा? तो मिळकत आहे की मरणाऱ्याच्या मानेवरचे कर्ज? मिळकत म्हटले तर वारसांनी तो विकावा, त्यात गैर काही नाही. कर्ज म्हटले तर ते ज्या नाण्यात घेतले त्याच नाण्यात फेडायला हवे, आणि ते नाणे आसिफ यांच्याबरोबरच गेले.

कारण आसिफ यांची खरी कारागिरी टाकून देण्यात होती. ‘मुगल-ए-आझम’ त्यांनी आधी चाळिशीच्या दशकात सुरू केला होता. अकबर चंद्रमोहन, अनारकली नर्गिस, सलीम सप्रू. फाळणीनंतर पैसा लावणारे शिराज अली हकीम पाकिस्तानात गेले, 1949मध्ये चंद्रमोहन वारले. दुसरा कोणी असता तर झालेल्या कामाला ठिगळ लावून मोकळा झाला असता. आसिफ यांनी ते बाजूला सारले, शापूरजी पालनजींचे पाठबळ मिळवले आणि पृथ्वीराज, दिलीपकुमार, मधुबाला यांना घेऊन पहिल्यापासून मांडामांड केली. अंधेरीच्या मोहन स्टुडिओत शीशमहल उभा राहायला दोन वर्षे लागली, तीही त्यांनी लागू दिली. ‘लव्ह अँड गॉड’चेही तेच झाले. पहिला कैस गुरुदत्त होता. ऑक्टोबर 1964मध्ये गुरुदत्त गेला आणि काम थांबले. आसिफ यांनी पुढे संजीवकुमारला घेऊन कैस नव्याने उभा करायला घेतला.

गुरुदत्तच्या मृत्यूने आणखी एक चित्रपट अडला होता, ‘बहारें फिर भी आएंगी’. त्यात धर्मेंद्रला घेऊन चित्रण पुन्हा झाले आणि 1966मध्ये तो लागलाही. पण त्याचे दिग्दर्शक शाहिद लतीफ तेव्हा हयात होते. काय ठेवायचे, काय फेकायचे हे ठरवणारा माणूस जागेवर होता. 1986मध्ये तोच नव्हता. जे सापडले ते सगळेच मोलाचे ठरले, कारण त्याखेरीज काही नव्हतेच. चित्रपटात एक प्रसंग भव्य सजावटीचा येतो आणि लगेच पुढचा घाईने उरकल्यासारखा. कैसची तडफड वाढत जात नाही, ती तुकड्यातुकड्याने भेटते. मूळ कच्चे चित्रण पाहून आसिफ यांनी यातले किती कात्रीखाली घातले असते? आमचा अंदाज, बरेच. तरीही दिग्दर्शक म्हणून नाव त्यांचेच.

आमची तक्रार जोडण्याबद्दल नाहीच, जोड लपवण्याबद्दल आहे. 2004मध्ये ‘मुगल-ए-आझम’ रंगवला गेला, लांबीही कमी केली गेली. तेव्हा संपूर्ण रंगीत चित्रपट ही आसिफ यांचीच इच्छा होती असे सांगण्यात आले. वसीयत जिभेवर असली की तिचा अर्थ वारस लावतात! पण तिथे निदान 1960ची मूळ प्रत शाबूत आहे, ताडून पाहता येते. ‘लव्ह अँड गॉड’ला ताडायला दुसरी प्रत नाही.

पोलंडचा आंद्रेय मुंक 1961मध्ये मोटार अपघातात गेला. आउशवित्झच्या छळछावणीवरचा त्याचा ‘पॅसेंजर’ अर्धा होता. 1963मध्ये त्याचे सहकारी वितोल्ड लेसिएविच यांनी तो लोकांपुढे आणला. जे चित्रण समाधानकारक नव्हते तिथे स्थिर छायाचित्रे लावली आणि निवेदकाच्या तोंडून सरळ सांगितले, की दिग्दर्शक वारला, पुढे त्याच्या मनात काय होते ते आम्ही ठरवणार नाही. त्या थांबलेल्या चित्रांमुळे चित्रपट दुबळा होत नाही. प्रेक्षक तिथे खुर्चीत सावरून बसतो.

हे आपल्याकडेही जमण्यासारखे होते. आसिफ कुठवर आले, कोणती गाणी त्यांच्या हयातीत झाली, कोणता प्रसंग कागदावरच राहिला, एवढे पाटीवर लिहायला फार थोडी फिल्म लागली असती. आणि कैसच्या पोशाखातल्या गुरुदत्तची छायाचित्रे तर उपलब्ध होती, आजही पुस्तकांत दिसतात. संजीवकुमार पडद्यावर येण्याआधी त्यांतली दोन-तीन दाखवली असती, तरी आम्ही बोकाडियांना दुवा दिली असती.