केशवराव भोसले नाट्यगृह : ‘जसे होते तसे’ म्हणजे कसे?

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री कोल्हापूरच्या संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृहाचा रंगमंच व प्रेक्षागृह आगीत जळून गेले. दुसऱ्याच दिवशी केशवरावांची जयंती होती. वास्तू जशी होती तशीच उभारावी, ही मागणी लागलीच पुढे आली. ती स्वाभाविक असली तरी संदिग्ध आहे. राजर्षी शाहू महाराजांनी १९१५ मध्ये पूर्ण केलेले ‘पॅलेस थिएटर’ आणि २०२४ मध्ये जळालेले नाट्यगृह यांच्यामध्ये शतकभराच्या दुरुस्त्यांचे थर होते. नाव बदलले गेले तेही १९५७ मध्ये.

मूळ वास्तू ध्वनिक्षेपकापूर्वीच्या संगीत नाटकाची. नटाचे पद शेवटच्या रांगेपर्यंत स्वबळावर पोहोचणे, हीच तेव्हा नाट्यगृहाची कसोटी होती. जतनाच्या चर्चेत मात्र दर्शनी भाग आणि आसनव्यवस्था यांनाच प्राधान्य मिळते. दुसरी उपेक्षा शेजाराची. महाराजांनी १९०२ च्या युरोप प्रवासात रोमचे कलोझियम पाहिले आणि पुढे कुस्तीसाठी खासबाग मैदान बांधले. नाट्यगृह त्याला लागूनच उभे राहिले. मल्ल आणि गायकनट यांना एकाच राजाश्रयाने शेजारी बसविणारी ही रचना समग्रपणेच वारसा ठरते. निव्वळ नाट्यगृहाची हुबेहूब प्रतिकृती हा अर्धाच वारसा होय, आणि आवाज न पेलणारी प्रतिकृती तर केवळ नेपथ्य. पुनर्बांधणीच्या स्वीकृतीपूर्वी ध्वनिक्षेपक बंद ठेवून तेथे एक पद गाऊन पाहावे आणि ते शेवटच्या रांगेत बसून ऐकावे.