बेबी हालदार यांची वही

बेबी हालदार यांचे ‘आलो आंधारि’ मी प्रथम वाचले ते हिंदीत. त्या पुस्तकाचा इतिहासच तसा आहे. बाईंनी ते बंगालीत लिहिले. परंतु पुस्तकरूपाने ते आधी हिंदी अनुवादात, २००२ साली, प्रसिद्ध झाले आणि मूळ बंगाली त्यानंतर आले. उर्वशी बुटालिया यांनी केलेले इंग्रजी भाषांतर २००६ सालचे. पुढे अकरावीच्या ‘वितान’ या हिंदी पाठ्यपुस्तकात त्यातील काही भाग घेण्यात आला. ज्या बाईची शाळा अर्ध्यावर सुटली, तिचे लेखन शाळेतल्या मुलांना अभ्यासाला लागले. त्याच छोटेखानी पाठ्यपुस्तकात कुमार गंधर्वांचा लता मंगेशकरांवरील लेखही आहे. बेळगावजवळच्या सुळेभावीत जन्मून देवासला स्थायिक झालेला गवई, इंदूरला जन्मून मंगेशीचे नाव दिगंत नेणारी गायिका, आणि त्यांच्या शेजारी ही धुणीभांडी करणारी बाई! असे शेजार आपल्या सभासंमेलनांत सहसा जुळून येत नाही. पाठ्यपुस्तकात ते जुळले, याचा मला मनापासून आनंद वाटला.

कथा थोडक्यात सांगण्याजोगी आहे. आई लहानपणीच घर सोडून गेलेली, अभ्यासाची गोडी असूनही शाळा सुटलेली, १२ व्या वर्षी, १४ वर्षांनी मोठ्या असलेल्या पुरुषाशी लग्न, पाठोपाठ मुले, मारहाण. १९९९ साली, वयाच्या पंचविशीत, तीन मुलांना घेऊन बाई आगगाडीने दिल्लीकडे निघून आल्या आणि लोकांच्या घरी कामे करू लागल्या. कामे धरता-सोडता त्या गुडगावला प्रबोधकुमार या निवृत्त प्राध्यापकांच्या घरी लागल्या. हे गृहस्थ प्रेमचंदांचे नातू. पुस्तकांवरची धूळ पुसताना बंगाली पुस्तकांपाशी बाईंचा हात रेंगाळतो, हे त्यांच्या ध्यानी आले. त्यांनी आधी तसलिमा नासरीन यांचे ‘आमार मेयेबेला’ वाचावयास दिले आणि नंतर एक वही व लेखणी.

ज्यांच्याज्यांच्याशी मी या पुस्तकाविषयी बोललो, त्या सर्वांनी दोनच गोष्टींची वाखाणणी केली: बाईंची जिद्द आणि मालकांचे औदार्य. दोन्ही खऱ्या, तथापि पुस्तकात सर्वांत बोलके जे आहे, ते या दोन शब्दांखाली दडपले जाते. वही हाती येण्यापूर्वी काय घडले पाहावे. तातुशांनी (प्रबोधकुमारांना त्या याच नावाने हाक मारतात) प्रथम विचारले ते मुलांच्या शाळेविषयी, आणि शाळेची सोय झाली. थोरला मुलगा कुणाच्या घरी कामाला ठेवलेला होता, आणि तो नेमका कोठे आहे हेही आईला धड ठाऊक नव्हते. त्याचा शोध घेतला गेला. मग निवाऱ्याचा प्रश्न. भाड्याच्या खोलीत शौचालय नाही. शेजारीपाजारी येता-जाता विचारतात, तुझा नवरा कोठे आहे. एके दिवशी कामावरून परत येऊन पाहतात तो घर जमीनदोस्त केलेले, सामान उघड्यावर पडलेले. ती रात्र मुलांसह आकाशाखाली. शेवटी तातुशांनी आपल्याच घरात वरची खोली दिली. आणि मग रात्री, मुले झोपी गेल्यावर, वही भरू लागली.

शाळा, मुलगा, खोली, रात्र. जिद्द या चौघांच्या आधीही बाईंपाशी होतीच. लहानपणी पाठ केलेल्या कवींची नावे त्यांना अजून आठवत होती. नव्हती ती उसंत. नवऱ्याचे घर सोडून आलेल्या, पदरी मुले असलेल्या बाईला पुन्हा अक्षराकडे वळावयाचे तर प्रथम दिवसातले दोन तास कोणीतरी मोकळे करून द्यावे लागतात, आणि त्या दोन तासांत मुलांकडे कोण पाहणार याचे उत्तर द्यावे लागते. बाई हे सारे हिशेबाच्या वहीसारखे लिहून ठेवतात, कोणावर आरोप न ठेवता. माझ्या मते या पुस्तकाचे वाङ्मयीन बळही याच कोरडेपणात आहे.

लेखनाची आणखी एक लकब ध्यानात राहते. ‘मी’ म्हणून चाललेले निवेदन मधूनच तृतीय पुरुषात शिरते. आपल्यावर गुदरलेले प्रसंग बाई ‘बेबी’ नावाच्या कोणा दुसऱ्याच मुलीवर गुदरल्यासारखे सांगू लागतात. कोणी यास कच्चेपणा म्हणेल. मला मात्र कचेरीतली प्रतिज्ञापत्रे आठवली. तेथेही मारहाणीची हकीकत सांगणारी बाई ‘अर्जदार’ होते. फरक एवढाच की तेथे तिला तृतीय पुरुषात आम्ही वकील ढकलतो आणि येथे ती स्वतः, दुःख सोसवेना म्हणून, दोन पावले मागे सरते.

पुस्तकाचा उत्तरार्ध मला उणा वाटतो. कलकत्त्याहून कौतुकाची पत्रे येऊ लागतात, थोरामोठ्यांच्या उपमा दिल्या जातात, आणि वही स्वतःच्याच स्तुतीची नोंदवही होऊ लागते. बाईंची नजर जोवर भांड्यांवर, मुलांवर आणि शेजाऱ्यांच्या जिभेवर असते तोवर ती चुकत नाही. पत्रे आली की ती वर उचलली जाते आणि अंधुक होते. मुलांना आईच्या या अभ्यासाबद्दल काय वाटत होते, हेही आपल्याला फारसे कळत नाही.

मराठी वाचकाला येथे पार्वतीबाई आठवले यांची ‘माझी कहाणी’ (१९२८) आठवल्यावाचून राहणार नाही. देवरुखच्या या बाई तरुण वयात विधवा झाल्या, पदरी एक मुलगा. थोरली बहीण बाया कर्वे आणि अण्णा कर्वे यांच्या आश्रयाने त्या जाणत्या वयात शिकल्या, हिंगण्याच्या आश्रमासाठी वर्गणी गोळा करीत हिंडल्या, आणि १९१८ साली, चाळिशी उलटल्यावर, इंग्रजी शिकण्यासाठी अमेरिकेस गेल्या. तेथे त्यांनी लोकांच्या घरी कामेही केली. म्हणजे घरकाम करीत विद्या मिळविणारी बाई आपल्या वाङ्मयात पूर्वीच येऊन गेली आहे. परंतु दोघींत एक मोठा भेद आहे, आणि तो स्वभावाचा नव्हे. विधवेला त्या काळच्या समाजाने छळले खरे, पण तिचे स्थान त्याने ठरविलेले होते. म्हणूनच तिच्यासाठी आश्रम काढणारा सुधारक कोणासाठी काम करतो आहे हे लोकांना सांगू शकत होता. नवरा जिवंत असता वेगळी राहणारी बाई कोणत्या रकान्यात घालावयाची? आपण तिला ‘परित्यक्ता’ म्हणतो. या शब्दात टाकणारा पुरुष आहे, निघून येणारी स्त्री नाही. हालदारबाईंना कोणी टाकले नव्हते. त्या स्वतः निघाल्या. त्यांच्यासाठी आपल्या भाषेत एक सरळ, सन्मानाचा शब्द मला सापडला नाही.

कायद्यात मात्र एक शब्द आहे, आणि त्याविषयी मला थोडे अधिक लिहिले पाहिजे. १९५६ च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्याच्या तिसऱ्या कलमात ‘निर्वाह’ याची व्याख्या दिली आहे. सर्वच बाबतींत त्यात अन्न, वस्त्र, निवारा, शिक्षण आणि औषधोपचार येतात, असे ती म्हणते. अविवाहित कन्येच्या विवाहखर्चाचा उल्लेख त्याच व्याख्येत त्यापुढे स्वतंत्रपणे केला आहे. म्हणजे जेथे कायद्याला एकाच व्यक्तीपुरते बोलावयाचे होते, तेथे तो तसे बोलला आहे. ‘शिक्षण’ हा शब्द त्याने सर्वांसाठी ठेवला, आणि त्या सर्वांत पत्नीही आली. (गोमंतकातील वाचकांचा कौटुंबिक कायदा निराळा, पोर्तुगीज अमदानीपासून चालत आलेला, पण त्यांनी पुढचे वाचावयास हरकत नाही.) इतक्या वर्षांच्या वकिलीत हा शब्द मी मुलांच्या शाळेच्या शुल्कासाठीच वापरला. उलट, पतीच्या बाजूने उभा असताना, बाई पदवीचा अभ्यास करीत आहे म्हणजे उद्या कमावणार, सबब पोटगी कमी करावी, असा युक्तिवाद मी एकदा नव्हे, अनेकदा केला आहे. तो मान्यही झाला आहे.

याहून अवघड गोष्ट कचेरीबाहेरची. एका देवस्थानच्या विश्वस्त मंडळावर मी काही वर्षे आहे. ठेवीच्या व्याजातून आम्ही दरसाल शिष्यवृत्त्या देतो. काही वर्षांमागे एका बाईंचा अर्ज आला. पतीपासून वेगळ्या राहणाऱ्या, दोन मुले, पदवीचे शेवटचे वर्ष लग्नापायी राहून गेलेले. ते पुरे करावयाचे होते. अर्ज स्वच्छ अक्षरात, मुद्देसूद होता. बैठकीत कोणी वाईट बोलले नाही. एक वडीलधारे म्हणाले, “मुलाच्या नावे देऊया, ते शोभेल.” सर्वांस ते पटले, मलाही. थोरल्या मुलाला शिष्यवृत्ती मिळाली. बाईंनी आभाराचे पत्र पाठविले आणि पुन्हा अर्ज केला नाही.

त्या वेळी आपण दोघांचेही भले केले असे मला वाटले होते. हालदारबाईंच्या पुस्तकातील शेवटचा प्रसंग वाचताना ते समाधान टिकले नाही. टपालाने मासिक येते. त्यात आईचे नाव छापलेले असते. मुले ते नाव मोठ्याने वाचतात. आमच्या मंडळाने मुलाला वाचावयास शिकविण्याची सोय केली, पण त्याने वाचावे असे आईचे काही उरू दिले नाही.

परवा यंदाच्या अर्जाचा छापील नमुना छापखान्यातून आला. पहिलाच रकाना ‘पाल्याचे नाव’ असा आहे. मुद्रिते तपासून सही करणारा मीच होतो.