नवी हौस, जुना तांदूळ

पुस्तकाची समीक्षा करायला विद्वत्ता लागते. खाण्याची समीक्षा करायला फक्त पोट लागतं. मी बी.कॉम. असून बँकेत कारकून आहे, म्हणजे पहिल्या कामाला अपात्र. पण दुसऱ्या कामाची पात्रता शर्टाच्या शेवटून दुसऱ्या बटणाला विचारा. त्या अधिकारात यंदाच्या शरद ऋतूतल्या 'नवीन' पदार्थांचं हे परीक्षण सादर करतो.

शरद ऋतूला वैद्यांची आई म्हणतात. का, ते नवरात्र ते दिवाळी या काळात आमच्या घरी आलात तर कळेल. बाहेर ऑक्टोबरचं ऊन, आत पित्त, आणि घरातल्या प्रत्येकाला 'रोजचं नको, काहीतरी नवीन' हवं असतं.

या नवीनच्या शोधात दसऱ्यानंतरच्या रविवारी आम्ही पुण्याहून सासवडकडे निघालो. वाटेत एका हॉटेलात शिरलो. तिथलं मेनूकार्ड आमच्या हेड ऑफिसच्या परिपत्रकाएवढं जाड, आणि तितकंच दुर्बोध. चौघांनी चार भाज्या मागवल्या. एकीच्या नावात शहर होतं, एकीच्या बादशहा, एकीच्या ज्वालामुखी, आणि चौथीच्या नावाचा उच्चार मी बोटानंच केला. आल्या तेव्हा चारही वाडग्यांत तीच लालभडक ग्रेव्ही! एकाच खात्याची चार पासबुकं, शिल्लक सगळीकडे सारखीच. समीक्षकांच्या भाषेत सांगायचं तर कथानक एक आणि शीर्षकं चार. बिल मात्र चौघींचं वेगवेगळं लावलं होतं.

आईनं काही मागवलं नाही. "मी घरी जाऊन दहीभात खाईन," म्हणाली. पण परतताना दिवेघाटात रस्त्याकडेला सीताफळांच्या पाट्या दिसल्या आणि तिनं गाडी थांबवायला लावली. एक फळ दोन्ही हातांनी उकलून म्हणाली, "बघ, हे आपलं खाणं! त्या तांबड्या पाण्यापेक्षा बरं की नाही?"

मला चेव आला. म्हटलं, "आई, सीताफळ मूळचं अमेरिका खंडातलं."

"मग सीतेचं नाव कसं?"

"आणि तुझी उपासाची खिचडी? साबुदाणा ज्या कंदाचा करतात तो दक्षिण अमेरिकेतला, बटाटा तिथला, शेंगदाणाही तिथलाच. मिरचीसुद्धा समुद्रापलीकडची. सगळी मंडळी गेल्या चार-पाचशे वर्षांतली. राहिलं तूप तेवढं घरचं!"

मला वाटलं, आता नऊ दिवसांच्या उपासांचा हिशेब चुकल्याचं दुःख तिच्या चेहऱ्यावर दिसणार. पण ती बी थुंकून शांतपणे म्हणाली, "आले ना? मग राहू देत. तुझ्या आत्याचे यजमानही चार दिवसांसाठीच आले होते."

मग थोडं थांबून म्हणाली, "एवढं नवीन नवीन करता, मग घरात तांदूळ जुना का आणता रे?"

याला माझ्याजवळ उत्तर नव्हतं. वाण्याकडे आम्ही हटकून 'जुना आहे ना?' असं विचारतो आणि किलोमागे जास्त पैसे मोजतो. मुदत ठेवीसारखी, ठेवल्यानं किंमत वाढणारी दुसरी वस्तू त्या दुकानात नाही. बाकी सगळ्या मालाला कॉलेजात शिकलेला 'आधी आला तो आधी गेला' हा नियम. तांदळाला मात्र उलटा. कारण जुना तांदूळ पाणी जास्त पितो आणि मोकळा होतो. नवा गोळा होतो, आणि मध्यमवर्गाला शिताला शीत चिकटलेलं चालत नाही.

आईचं माहेर आणि सासर दोन्ही कोकणात. तिकडे कोजागिरीला नवान्न पौर्णिमा म्हणतात. हळवं भात तोवर कापून झालेलं असतं. दाराला आंब्याच्या पानांत भाताच्या लोंब्या बांधायच्या, आणि नव्या तांदळाचा भात देवाला दाखवून मग खायचा. आमच्या इमारतीत कोजागिरी म्हणजे गच्चीवर मसाला दूध आणि हाउझी.

यंदा कोजागिरीच्या आदल्या दिवशी गावाहून चुलतभावानं एस.टी.नं पिशवी धाडली. दोन किलो नवा तांदूळ. फोनवर म्हणाला, "काकूला दे. पुढच्या वर्षाचं सांगता येत नाही. लावणीला माणूस मिळत नाही, बहुतेक जमीन पडीक ठेवणार." मी आईला फक्त पहिलं वाक्य सांगितलं.

हिनं भात लावला तो नेहमीच्या मापानं. हिच्या फळीवर कमलाबाई ओगल्यांचं 'रुचिरा' आहे, १९७० साली निघालेलं. वाटी-चमच्याच्या मापानं स्वयंपाक शिकवणारं ते पुस्तक मला हिशेबी माणूस म्हणून फार आवडतं. पण आपल्या डब्यातला तांदूळ कोणत्या हंगामात कापलेला, हे बिचाऱ्या पुस्तकाला कसं कळावं? भाताची खळ झाली. पोरं म्हणाली, "आजी, ही लापशी आहे का?" आईनं त्यावर तूप-मीठ घेतलं आणि निमूट जेवली.

दुसऱ्या दिवशी ती गुडघ्याला हात लावत स्वयंपाकघरात आली. "अगं, नव्याला पाणी कमी. सर, मी दाखवते." तिनं पातेल्यात बोट बुडवलं. मी वही घेऊन उभा. "आई, किती वाट्या?"

"वाट्या कसल्या? पेराच्या खाली."

"कोणाच्या पेराच्या? माझं बोट जाड आहे."

"मग तुझ्या पोटाला भातही जास्तच लागणार की!"

भात मऊ झाला, पण शितं शाबूत होती, आणि वास थेट जिन्यापर्यंत गेला. शेजारच्या वहिनी विचारायला आल्या, "नवीन काय केलंय?" ही म्हणाली, "भात." त्यांचा विश्वास बसला नाही.

परीक्षणाच्या शेवटी शिफारस करायची पद्धत आहे. हॉटेल : एकदा वाचून परत करावं. सीताफळ : अनुवादित असूनही अस्सल. नवा भात : संग्राह्य, परंतु एकच प्रत उपलब्ध, पुनर्मुद्रणाची शाश्वती नाही.

उरलेला तांदूळ आईनं डब्यात भरू दिला नाही. म्हणाली, "ठेवलास की जुना होतो." रोज दुपारी ती आता पातेल्याशेजारी खुर्ची घेऊन बसते आणि ही बोट बुडवते. मी सुट्टीच्या दिवशी बुडवतो. अजून पेर चुकतं.