गल्लीतल्या कुत्र्यापासून गिरणीपर्यंत

घरी लघुपट दाखवायचे तर निवड फारशी अवघड नसते, क्रम अवघड असतो. मैत्रिणीनं आणि मी मिळून चार काढले. अब्बास कियारोस्तामींचा ‘नान ओ कूचे’ (1970), सत्यजित राय यांचा ‘टू’ (1964), माया डेरेनचा ‘मेशेस ऑफ द आफ्टरनून’ (1943) आणि उमेश कुलकर्णींचा ‘गिरणी’ (2004). चारही मिळून तासाभराचे. सालवार लावले तर इतिहासाचा तास होतो, विषयवार लावले तर परिसंवाद. तेव्हा मैत्रीण म्हणाली, ‘कानानं लाव.’ आम्ही तसंच केलं, आणि लघुपटांच्या संध्याकाळला मैफलीसारखी बांधणी असते हे मला त्या रात्री पटलं.

पहिला ‘नान ओ कूचे’. तिशीतल्या कियारोस्तामींचा हा पहिलाच चित्रपट, तेहरानच्या ‘कानून’ या मुलांसाठीच्या संस्थेत केलेला. गोष्ट चार ओळींची आहे. काखेत नान घेऊन एक पोरगा घरी निघालाय, गल्लीत कुत्रा भुंकतो, पोरगा थबकतो. पण ही गोष्ट ऐकायची आहे. सुरुवातीला पॉल डेस्मंडच्या सॅक्सोफोनवर बीटल्सची एक खेळकर धून वाजते आणि त्या ठेक्यात पोरगा पायानं काहीतरी उडवत चाललाय. भुंकणं येतं आणि ती सगळी मजा तुटते. आता उरते उन्हातली रिकामी गल्ली, उंच भिंती आणि वाट बघणं. कुणी मोठं माणूस येईल, त्याच्या आडोशानं पलीकडे जाऊ. वाटसरू येतात, जातात, आपापल्या कामात. शेवटी एक म्हातारा येतो आणि पोरगा त्याच्या मागोमाग चालू लागतो. त्या म्हाताऱ्याच्या कानात श्रवणयंत्र आहे! ज्याला भुंकणं धड ऐकू येत नसेल, त्याच्या पाठीशी हा लपलाय. कियारोस्तामी त्यावर जोर देत नाहीत, कॅमेरा तिथं रेंगाळत नाही. म्हातारा मध्येच दुसऱ्या वाटेला वळतो आणि पोरगा पुन्हा एकटा पडतो.

मग तो नानचा तुकडा तोडून कुत्र्यापुढे टाकतो. कुत्रा खातो, शेपटी हलवतो, सोबत चालू लागतो. पोरगा घरात शिरतो, दार बंद होतं, कुत्रा दाराशी बसतो. हा भाग कियारोस्तामींना एकाच शॉटमध्ये हवा होता. छायालेखकाचं म्हणणं होतं की तुकडे करून जोडूया. कियारोस्तामी अडून बसले आणि त्या शॉटसाठी चाळीस दिवस गेले, असं त्यांनी पुढे सांगितलं आहे. मला तो हट्ट अगदी योग्य वाटतो. पोरगा, कुत्रा आणि दार एकाच चौकटीत, एकाच वेळात दिसतात म्हणूनच त्यांची जुळलेली सोबत खरी वाटते आणि बंद झालेलं दार कुत्र्याच्या बाजूनंही दिसतं. काप घातला असता तर ती दिग्दर्शकाची क्लृप्ती झाली असती. त्यानंतर हातात भांडं घेतलेला दुसरा पोरगा गल्लीत येतो, कुत्रा भुंकतो, आणि त्याच्या घाबरलेल्या चेहऱ्यावर चित्र गोठतं. पहिल्याला सुटलेलं गणित दुसऱ्याच्या उपयोगी पडत नाही.

‘टू’बद्दल थोडक्यात. अमेरिकन टीव्हीवरच्या ‘एस्सो वर्ल्ड थिएटर’साठी रायांकडे इंग्रजी चित्रपट मागितला होता, त्यांनी शब्दच काढून टाकले. खिडकीत खेळण्यांनी वेढलेला श्रीमंत पोरगा, खाली झोपडीपाशी बासरी घेतलेला दुसरा. एकानं एक दाखवायचं, दुसऱ्यानं त्याला उत्तर द्यायचं. पतंग उडतो तेव्हा वरचा आधी बेचकी घेतो, ती साधत नाही म्हणून छऱ्याची बंदूक घेतो. मांडणी जरा जास्तच स्वच्छ आहे, दोन बाजू फार रेखीव आखल्यात असं मला वाटतं. पण शेवटी यांत्रिक खेळण्यांच्या कलकलाटावर ती बासरी पुन्हा चढते आणि चालता रोबो मनोरा पाडतो, तेव्हा आवाजातली ही लढाई पुरती वसूल होते.

आणि इथे ‘मेशेस’. याला आज जे संगीत ऐकू येतं ते तेइजी इतोचं, 1959 मध्ये जोडलेलं. 1943 मध्ये माया डेरेन आणि तिचा नवरा अलेक्झांडर हॅमिड यांनी लॉस एंजेलिसमधल्या स्वतःच्या घरात 16 मिलिमीटरवर तो केला तेव्हा तो मूक होता. आम्ही आवाज बंद केला. रायच्या बासरीनंतर ही शांतता अंगावर येते. खोलीतल्या पंख्याची घरघर ऐकू यायला लागली, कुणीतरी श्वास रोखला तोही कळला.

पडद्यावर एक घर, एक बाई, एक दुपार. किल्ली हातातून निसटून पायऱ्यांवरून उड्या मारत जाते. टेबलावर पाव, त्यात खोचलेली सुरी, आणि ती सुरी आपसूक गळून पडते. रिसीव्हर काढून ठेवलेला फोन. रस्त्यावर काळ्या वस्त्रातली आकृती, चेहऱ्याच्या जागी आरसा. बाई झोपते आणि तेच घर पुन्हा, पुन्हा, दर वेळी थोडं बिघडलेलं. टेबलाभोवती त्याच बाईची तीन रूपं बसतात. मग ती उठते, हातात सुरी, आणि काही पावलं टाकते. एक पाऊल वाळूत, पुढचं गवतात, मग फरसबंदीवर, मग गालिच्यावर. खुर्चीपासून खुर्चीपर्यंतचं अंतर आणि त्यात सगळं जग ओलांडलेलं. काप कशासाठी असतो ते या पावलांत कळतं. कियारोस्तामींनी अंतर खरं वाटावं म्हणून काप नाकारला, डेरेननं अंतर भयंकर वाटावं म्हणून काप घातला. दोन्ही एका रात्रीत पाहिल्याशिवाय मला हे इतकं लख्ख दिसलं नसतं.

मैत्रिणीला आणखी एक दिसलं: पहिल्यात कुत्र्यापुढे टाकलेला नान, इथे सुरी खोचलेला पाव. आम्ही ठरवून लावलं नव्हतं, आणि पुढे तर पीठच येणार होतं.

छोट्या जागेत असे चित्रपट दाखवण्याची वाटही बरीचशी डेरेनचीच. 1946 मध्ये न्यूयॉर्कमध्ये प्रॉव्हिन्सटाउन प्लेहाउस भाड्यानं घेऊन तिनं आपले लघुपट स्वतः दाखवले. त्यातून स्फूर्ती घेऊन अमॉस व्होगेलनं 1947 मध्ये ‘सिनेमा 16’ ही फिल्म सोसायटी काढली.

शेवटी ‘गिरणी’, उमेश कुलकर्णींनी एफटीआयआय या चित्रपट संस्थेत केलेला. तीन लघुपट जवळजवळ शब्दावाचून पाहून झाल्यावर पहिलं मराठी वाक्य कानावर पडलं आणि सगळी खोली सैलावली. संसाराला हातभार म्हणून आई घरात पिठाची गिरणी आणते. पोराला आधी अप्रूप, मग कामाचा जाच, मग सोबत्यांचं चिडवणं. आपल्याकडे गिरणीचा आवाज ओळखीचा, पट्ट्याचा आणि दाण्यांचा. बहुतेकांनी लहानपणी डबा घेऊन त्या आवाजात नंबर लावलेला. इथे तोच आवाज घरात राहायला येतो आणि बालपणाला जागा उरत नाही. आई वाईट नाही, पोरगा वाईट नाही, गिरणी तर पोट भरते. दोष कुणालाच देता येत नाही, हे या लघुपटाचं खरं बळ. ‘टू’मध्ये आपण लगेच बाजू घेतो, इथे घेता येत नाही. शेवट सांगत नाही, पण मूक लघुपटानंतर तो घरघराट ऐकणं ही वेगळीच गोष्ट आहे.

चारांतला सर्वांत मोठा मला ‘नान ओ कूचे’ वाटतो, मैत्रीण ‘मेशेस’वर ठाम आहे. ‘गिरणी’ अजून पाहिला नसेल तर मात्र तो एकट्यानं पाहू नका, डबा घेऊन गिरणीत गेलेल्या चार माणसांना घरी बोलवा आणि त्यांच्यासोबत पाहा.